महाराष्ट्रातील फुटबॉल संघांच्या मालकांस नाशिकहून खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रात व्यावसायिक फुटबॉल संघ चालविणारे मालक, संचालक व व्यवस्थापक,
आणि यापुढे असा संघ काढू इच्छिणारे उद्योगसमूह

विषय : संघ विकणे, मोडणे, हलविणे अथवा बंद करणे यांसंबंधीचे निर्णय पाठीराख्यांना विश्वासात घेऊन करण्याबाबत

महोदय,

हे पत्र पराभवाविषयी नाही, एवढे आधीच सांगून टाकतो. २९ मार्च २०२५ रोजी बंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर मुंबई सिटीचा संघ इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत ५-० असा हरला, तेव्हा नाशिकमध्ये टीव्हीसमोर बसलेल्या आम्ही मंडळींनी बचावफळीला, प्रशिक्षकाला आणि थोडे नशिबालाही यथेच्छ बोल लावले. दुसऱ्या दिवशी पाडवा होता, गुढ्या उभारायच्या होत्या, विषय तिथेच मिटला. संघ हरतो. ज्याला ते सोसत नाही त्याने फुटबॉलच्या वाटेला जाऊ नये. मात्र त्या रात्री मनाला जे लागले ते निकालापेक्षा जुने होते. जेमतेम अकरा महिन्यांपूर्वी, ४ मे २०२४ रोजी, कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानात मोहन बागानला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर ३-१ असे हरवून ज्या संघाने करंडक उचलला होता, त्याचा कर्णधार राहुल भेके, मधल्या फळीतला नोगेरा आणि आघाडीचा परेरा डियाझ हे तिघेही मधल्या एका उन्हाळ्यात बंगळुरूकडे गेले होते, आणि मधल्या फळीचा कणा असलेला अपुइया मोहन बागानकडे. खेळाडू संघ बदलतात, त्यांना चांगला मोबदला मिळाला तर आम्हाला आनंदच आहे. पण विजेता संघ इतक्या चटकन का उसवला गेला, ते पैशांसाठी होते, प्रशिक्षकाच्या आग्रहामुळे होते की कोणाच्या दुर्लक्षामुळे, हे पाठीराख्यांपुढे उभे राहून कोणी सांगितल्याचे आम्हाला आठवत नाही.

आमची तक्रार थोडक्यात अशी आहे : या राज्यात फुटबॉलचा संघ काढताना लोकांना आवर्जून बोलावले जाते, आणि तो विकताना, मोडताना किंवा बंद करताना त्याच लोकांना साधे कळवलेही जात नाही. हे एखाद्या मालकापुरते असते तर आम्ही त्या मालकाला पत्र लिहिले असते. हे इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या मालकांकडून झाले आहे की आता सर्वांनाच एकत्र लिहावे लागत आहे.

महिंद्रा युनायटेडपासून सुरुवात करू. १९६२ साली कंपनीच्या क्रीडा मंडळातून उभा राहिलेला हा मुंबईचा संघ २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता झाला आणि त्याच हंगामात त्याने फेडरेशन चषकही जिंकला. नंतर चारच वर्षांनी, २०१० मध्ये, तो बंद करण्यात आला. यापुढे शालेय फुटबॉलवर भर द्यायचा आहे, असे सांगण्यात आले. शालेय फुटबॉलला आमचा विरोध असण्याचे कारण नाही, परंतु शाळेतल्या मुलाने मोठा होऊन खेळायचे कोणत्या संघात, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. पुढे पुण्यात २००७ साली सुरू झालेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या अव्वल लीगमध्ये, उपविजेता ठरला आणि दोन वर्षांनी त्याच्या मुख्य संघाचा गाशा गुंडाळला गेला. भारत एफसी तर एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्सला दोन हंगाम लाभले. उद्योगसमूह निराळे, कारणे निराळी, पण दरवेळी सोशल मीडियावर एक निवेदन आणि त्यात पाठीराख्यांचे आभार, याखेरीज आमच्या वाट्याला काही आले नाही.

मुंबई एफसीची गोष्ट यात वेगळी काढून सांगायला हवी, कारण ती निव्वळ व्यवस्थापनाची गोष्ट आहे. कूपरेजवर खेळणारा हा संघ श्रीमंत नव्हता. खालिद जमील हे त्याचे प्रशिक्षक २००९ पासून २०१६ पर्यंत होते आणि तेवढी वर्षे, तुटपुंज्या साधनांत, त्यांनी संघ वरच्या श्रेणीत टिकवून धरला. खेळ देखणा नसतो, अशी कुरकूर आमच्यातलेही लोक करत असत. २०१६ मध्ये त्यांना जावे लागले. ते मिझोरमच्या आयझॉल एफसीकडे गेले आणि पहिल्याच हंगामात, २०१६-१७ मध्ये, त्यांनी त्या छोट्या संघाला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहून खालच्या श्रेणीत ढकलला गेला आणि नंतर संपलाच. तेच खालिद जमील ऑगस्ट २०२५ पासून भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक आहेत. आपल्या अंगणातला माणूस ओळखता आला नाही, याची किंमत एका शहराने आपला संघ देऊन चुकवली. हा निर्णय कोणत्या बैठकीत झाला, तिथे फुटबॉल कळणारे किती जण बसले होते, याचा हिशेब कोणी कोणाला दिलेला नाही.

आणि मग सुपर लीगमध्ये खेळणारा एफसी पुणे सिटी. इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण नाशिकच्या माणसाला पुणे हे मुंबईइतकेच जवळ आणि तितकेच अवघड. ठक्कर बाजारहून बस पकडायची, सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव असे करत चाकणच्या कोंडीत हमखास अडकायचे, नाशिक फाट्याला उतरायचे आणि तिथून बालेवाडी गाठायची. सामना साडेसात-आठचा असेल तर परतीची बस पहाटे केव्हातरी घराजवळ सोडणार. तरीही माणसे जात. मैदानात नारिंगी रंगाचा एक कोपरा असे, त्यात पुण्याची मुले ढोल-ताशा घेऊन यायची आणि नाशिकहून आल्याचे कळले की पुढे बसायला जागा करून द्यायची. २०१४ साली या संघाने त्रेझेगेसारखा विश्वविजेता खेळाडू आणला, पुढच्या वर्षी मुतू आणला. नावे मोठी होती, संघ मात्र बनत नव्हता. दरवर्षी नवा प्रशिक्षक. कोलोम्बा, मग डेव्हिड प्लॅट, मग हबास, मग पोपोविच. अखेर २०१७-१८ मध्ये मार्सेलिन्हो, अल्फारो, दिएगो कार्लोस आणि आपला आशिक कुरुनियन यांचा मेळ बसला, संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचला, घरच्या मैदानावर बंगळुरूला ०-० असे रोखले आणि परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीच्या हॅट्ट्रिकपुढे ३-१ असा हरला. चार वर्षांनी हाती लागलेली घडी होती ती. एवढ्यावर पुढचा हंगाम उभारता आला असता.

पुढच्या हंगामात पोपोविच नव्हते. त्यांच्या जागी आलेल्या मिगेल आंखेल पोर्तुगाल यांना तीन सामन्यांनंतर नारळ देण्यात आला. मग काही काळ प्रद्युम रेड्डी यांनी हंगामी कारभार पाहिला आणि डिसेंबरात इंग्लंडचे फिल ब्राउन आले. त्यांनी कोसळलेला संघ बऱ्यापैकी सावरून सातव्या क्रमांकावर आणला. यंदा सावरलो तर पुढच्या वर्षी काही घडेल, असे आम्ही एकमेकांना सांगत होतो. पुढचे वर्ष आलेच नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर झाले की पुण्याऐवजी आता हैदराबाद लीगमध्ये खेळेल. फिल ब्राउन हैदराबादचे पहिले प्रशिक्षक झाले आणि पुण्याचे कित्येक खेळाडूही तिकडे गेले. पानटपरीचा परवाना एका चौकातून दुसऱ्या चौकात न्यावा तसा पाच वर्षांचा संघ उचलला गेला. तीन वर्षांच्या आत, मार्च २०२२ मध्ये, हैदराबाद लीगचा विजेताही झाला. आणि त्यानंतर तिथेही पगार थकले, मालक बदलले, आणि २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला नेऊन त्याचे नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली असे ठेवण्यात आले. म्हणजे बालेवाडीची ती जागा आज दिल्लीत आहे. हैदराबादच्या पाठीराख्यांना आता आमचे दुःख समजत असेल. त्यात आम्हाला समाधान वाटत नाही.

माझ्याकडे त्या संघाची एक जर्सी होती, पाठीवर दहा हा आकडा आणि मार्सेलिन्होचे नाव छापलेली. घरी ती आता मोटारसायकल पुसायला वापरली जाते, आणि बंद पडलेल्या संघाची जर्सी कपाटात घडी घालून का ठेवायची, या प्रश्नाला माझ्याकडे खरोखरच उत्तर नव्हते. पण प्रश्न जर्सीचा नाही. एफसी पुणे सिटी हे नाव, ते बोधचिन्ह, तो नारिंगी रंग या गोष्टी आज नेमक्या कोणाच्या मालकीच्या आहेत? उद्या पुण्यातल्या चार जणांनी वर्गणी काढून त्या नावाचा संघ जिल्हा लीगमध्ये उतरवायचे म्हटले तर त्यांना परवानगी कोणाकडे मागावी लागेल? संघ काढताना हे नाव शहराचे म्हणून मिरवले गेले. बंद करताना ते कागदपत्रांच्या पेटीत गेले.

इथे कोल्हापूरचे उदाहरण टाळता येत नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ हे पेठापेठांचे, तालमींचे संघ पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, राजर्षी शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्याला आजही माणूस मावत नाही, आणि अनिकेत जाधवसारखा २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला मुलगा त्याच मातीतून येतो. तिथे भांडणे होतात, कधी दगडही उडतात, सगळे गोडगोड आहे असे म्हणायचे नाही. परंतु त्या संघांना कोणी एका रात्रीत दुसऱ्या शहरात हलवू शकत नाही, कारण संघ कोणाचा हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. व्यावसायिक संघ तालमीसारखा चालवा, असे आमचे म्हणणे नाही. विमानप्रवास, परदेशी खेळाडू, वैद्यकीय पथक हा खर्च वर्गणीतून भागत नाही. मात्र तालमीला जे उमगले आहे ते कोट्यवधींचा व्यवहार करणाऱ्यांना का उमगू नये, याचे नवल वाटते.

मुंबई सिटीच्या बाबतीत न्यायाने बोलायचे तर सुरुवातीच्या वर्षांनंतर त्या संघाने महाराष्ट्राला पुष्कळ दिले. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला, २०२०-२१ मध्ये प्रशिक्षक लोबेरांच्या संघाने साखळीतले अव्वल स्थान आणि अंतिम सामना असे दोन्ही मान पटकावले, एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या हवाई दलाच्या संघाला २-१ ने हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगच्या साखळीत सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब हा मान मिळवला, आणि २०२२-२३ मध्ये नंतरचे प्रशिक्षक बकिंगहॅम यांच्या संघाने पुन्हा अव्वल स्थान घेतले. हे फुकट झालेले नाही. पैसा लागला, जाणकार माणसे लागली, आणि त्याबद्दल आम्ही मनापासून आभारी आहोत. तरीही याच काळात, दुहेरी यश मिळवून देणारे लोबेरा ऑक्टोबर २०२१ मध्ये, नवा हंगाम तोंडावर आलेला असताना, समूहातल्या दुसऱ्या कामगिरीवर पाठवले गेले आणि विजेता संघ त्या हंगामात पाचवा आला. समूहात आलेला आमचा हा आठवा संघ होता, आणि अशा वेळी ते जाणवते. घरच्या धाकट्या मुलाचे कपडे थोरल्याच्या मापाने बेतले जात असतील तर त्याला निदान विचारायला हवे, एवढीच त्या वेळीही आमची अपेक्षा होती.

२०२५ साल मात्र कोणाच्याच बाजूने गेले नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीगचे व्यावसायिक भागीदार यांच्यातला १५ वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार, ही तारीख २०१० पासून लेखी होती. ती अचानक कोसळलेली आपत्ती नव्हती. तरी जुलै २०२५ मध्ये हंगाम स्थगित झाल्याचे कळले तेव्हा कोणाकडेच काही तयारी नव्हती. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले, काहींनी सरावच बंद केला, लीग चालवायला घेण्यासाठी निविदा काढली तर मुदतीत एकही बोली आली नाही. महासंघाला यात पुष्कळ बोलता येईल आणि बोलणारे बोलतही आहेत. पण क्लबांचे मालक त्या १५ वर्षांत काय करत होते? करार संपल्यावर आपल्या संघाचे काय होणार, हे त्यांनी आपल्या सदस्यांना एकदा तरी सांगायला नको होते का?

त्याच डिसेंबरात, १४ तारखेला, लिओनेल मेस्सी वानखेडेवर आले. हजारो रुपयांची तिकिटे काढून लोक गेले, नाशिकहूनही गेले, आणि त्याच सोहळ्यात सुनील छेत्रीचा सत्कार झाला. ज्या देशाचा सर्वकाळातला सर्वोत्तम गोलकर्ता टाळ्या घेत उभा होता, त्या देशाची अव्वल लीग त्या दिवशी बंद होती. मग त्याच महिन्याच्या अखेरीस सिटी फुटबॉल ग्रुपने लीगच्या भवितव्याबाबतची अनिश्चितता हे कारण देत मुंबई सिटीतला आपला हिस्सा सोडला, आणि संघ पुन्हा मूळ मालकांकडे आला. जानेवारीत केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारी २०२६ पासून आखूड हंगाम सुरू होईल असे जाहीर केले. एवढ्या घडामोडींमध्ये आमचा, म्हणजे गेली दहा-बारा वर्षे तिकीट काढणाऱ्यांचा, उल्लेख निवेदनाच्या शेवटच्या परिच्छेदापलीकडे कुठे नव्हता.

संघ चालवणे हा तोट्याचा व्यवहार आहे, हे आम्हाला माहीत आहे. अंबड-सातपूरच्या वसाहतीत छोटे कारखाने चालवणारे आमच्यात आहेत. ऑर्डर नसताना कामगारांचे पगार कसे करावे लागतात हे त्यांना कोणी शिकवायला नको. आपण आपला पैसा कायम बुडवत राहा, असे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. तोटा झाला तर बाहेर पडण्याचा हक्क मालकाला आहेच. पण कारखाना बंद करायचा तरी कामगारांना नोटीस द्यावी लागते. फुटबॉल संघाला ती लागत नाही, कारण पाठीराखा कोणत्याच रजिस्टरवर नसतो.

‘तुम्ही नाशिकचे, तुमच्याकडे संघ नाही, तुमचा संबंध काय?’ असा प्रश्न येण्याची शक्यता आहे. संबंध असा आहे. मुंबई सिटीचा अंधेरीतला सामना साडेसातला सुरू होऊन साडेनऊच्या पुढे संपतो, तोवर पंचवटी एक्स्प्रेस नाशिकरोडला लागायच्या बेतात असते. मग लोकलने दादर, पूल ओलांडून मध्य रेल्वे, रात्रीची कसारा लोकल, आणि कसाऱ्याला जी काळी-पिवळी उभी असेल तिच्यात मांडीला मांडी लावून घाट चढायचा. चालकाने गाडी भरल्याशिवाय हलायचे नाही असे ठरवले तर स्टेशनबाहेरच्या टपरीवर तासभर चहा. सकाळी कामावर. गाडी असणारे समृद्धीने येतात, त्यांचे बरे आहे. महाराष्ट्रातल्या एकुलत्या एक अव्वल श्रेणीच्या संघासाठी नाशिक, नगर, धुळे, जळगाव इथली माणसे हा खटाटोप करतात, आणि संघाच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नसतात. २०१७ मध्ये राज्य सरकारने शाळाशाळांतून फुटबॉल वाटले होते, तेव्हा पाचवी-सहावीत असलेली मुले आज वीस वर्षांची आहेत. त्यांतली काही गंगापूर रोडवरच्या मैदानांवर, काही देवळालीत अजून खेळतात, आणि त्यांना मँचेस्टरच्या दोन्ही संघांची बाकावरची नावेही तोंडपाठ आहेत. आपल्या राज्यातल्या संघाबद्दल ती जीव लावून बोलत नाहीत. ‘काका, तो संघ पुढच्या वर्षी असेल का?’ असे विचारतात. त्यांना मी काय सांगावे, हे आपण सांगा.

पाठीराख्यांचे ऐकल्याने संघ बुडत नाही, याचे दाखले देशातच आहेत. २०२० मध्ये एटीके आणि मोहन बागान एकत्र आले तेव्हा शतकाहून जुन्या क्लबाच्या नावापुढे दुसरे नाव लागलेले लोकांना रुचले नाही. त्यांनी तीन वर्षे आपला विरोध सोडला नाही, फलक लावले, सामन्यांकडे पाठ फिरवली, आणि मार्च २०२३ मध्ये गोव्यात विजेतेपद मिळाल्यावर मालकांनी मैदानातच जाहीर केले की ते नाव पुढच्या हंगामापासून काढले जाईल. केरळ ब्लास्टर्सच्या पाठीराख्यांच्या मंजप्पडा या संघटनेने २०२४-२५ च्या हंगामात व्यवस्थापनाविरुद्ध उघड भूमिका घेतली, तिकीटविक्रीत सहभागी होणार नाही असे कळवले, आणि त्यानंतर क्लबाने पाठीराख्यांचे सल्लागार मंडळ नेमण्याची घोषणा केली. ते मंडळ कितपत चालते ते दिसेलच. निदान टेबलाभोवती एक खुर्ची तर आली. इंग्लंडमध्ये आणखी पुढे गेले आहेत. इंग्लंडच्या लीगमध्ये खेळणाऱ्या वेल्सच्या कार्डिफच्या मालकाने २०१२ मध्ये निळ्या संघाला लाल कपडे चढवले आणि लोकांच्या रेट्यामुळे २०१५ मध्ये ते उतरवावे लागले, असल्या अनुभवांनंतर तिथे २०२५ मध्ये कायदाच झाला; क्लबाचे बोधचिन्ह किंवा घरच्या पोशाखाचा रंग बदलायचा तर पाठीराख्यांचा कौल आपल्या बाजूने असल्याचे दाखवावे लागते, आणि मैदान हलवायचे तर नियामकाची परवानगी लागते. भारतात असा कायदा होण्याची वाट आम्ही पाहत बसणार नाही. मालकांनी मनावर घेतले तर त्याशिवायही हे करता येते.

म्हणून आमचे मागणे असे. संघ विकण्याचा, दुसऱ्या शहरात नेण्याचा किंवा बंद करण्याचा विचार गंभीरपणे सुरू झाला की किमान एक हंगाम आधी तो पाठीराख्यांना लेखी कळवावा. व्यवहाराच्या गोपनीयतेमुळे ते शक्य नसेल, तर निर्णय जाहीर होईल त्या आठवड्यात मालकांपैकी एकाने, प्रसिद्धी विभागाच्या माणसाने नव्हे, मैदानात येऊन प्रश्नांना सामोरे जावे. पाठीराख्यांनी निवडलेले प्रतिनिधी दर तीन महिन्यांनी व्यवस्थापनासोबत बसावेत, त्यांपैकी निदान एक मुंबईबाहेरचा असावा, आणि बैठकीचे इतिवृत्त मराठीत प्रसिद्ध व्हावे. हंगाम संपल्यावर कोण का गेले आणि कोण का आले याचा दोन पानी खुलासा द्यावा. रकमा सांगू नका, विचार सांगा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, संघ बंद झालाच तर त्याचे नाव, बोधचिन्ह, रंग आणि करंडक पाठीराख्यांच्या नोंदणीकृत संस्थेकडे किंवा राज्याच्या फुटबॉल संघटनेकडे, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे, सोपवले जातील, असे आजच, संघ चालू असतानाच, लिहून द्यावे. पुण्याचे झाले ते झाले. महिंद्राच्या २००५-०६ च्या करंडकापुढे आज एखाद्या मुलाला उभे करून दाखवायचे म्हटले तर त्याला कुठे न्यायचे, हे आमच्यापैकी कोणी सांगू शकत नाही.

नव्याने संघ काढू इच्छिणाऱ्यांना हे शेवटचे मागणे पहिल्याच दिवशी लागू असावे. नाव जाहीर करण्याच्या सोहळ्यात नट-नट्या आणण्याआधी तो कागद दाखवा.

पुढील पूर्ण हंगामाच्या सदस्यत्वाची विक्री सुरू होण्यापूर्वी या पत्राला सही असलेले उत्तर मिळावे, ही विनंती. नाशिकमध्ये आम्ही दरवर्षी एकत्र पैसे जमवून सदस्यत्व आणि जर्सी घेतो. यंदा ते पैसे उत्तर येईपर्यंत जमा करणार नाही, असे आमच्यात ठरले आहे.

आपला,
नाशिकमधील एक फुटबॉल पाठीराखा